मदत हवी आहे : कोपऱ्यावरील प्लॉटच्या कुंपणभिंतीची उंची वाढवण्याची परवानगी

नमस्कार. सांगलीत विश्रामबागला आमचा कोपऱ्यावरचा प्लॉट असून, ठेंगण्या कुंपणभिंतीवरून भटकी कुत्री सहज आत उडी मारतात. त्यामुळे अंगणात रांगणाऱ्या नातवाला क्षणभरही एकटे सोडता येत नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार भिंत दीड मीटरपर्यंत, आणि वरचे 0.9 मीटर जाळीचे ठेवल्यास 2.4 मीटरपर्यंत नेता येते; मात्र कोपऱ्याजवळ समोरची वाहने दिसावीत म्हणून भरीव बांधकाम 0.75 मीटरवरच थांबवावे लागते, आणि ही अट मला रास्तच वाटते. त्या भागात वरची जाळी अधिक उंच करण्यास महानगरपालिकेचा नगररचना विभाग मान्यता देतो का? अर्जासोबत परवानाधारक अभियंत्याचा नकाशा व प्रॉपर्टी कार्ड यांखेरीज शेजाऱ्यांचे संमतिपत्रही लागते का? अशी परवानगी घेतलेल्यांनी कृपया सविस्तर कळवावे.