द्राक्षाच्या रसानेच सोन्याचं द्रावण निळं पडतंय

बागायतदाराची लेक:
सांगलीत एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तासगावकडे आमची दीड एकर बाग. फवारणी करून आले की पप्पांचे डोळे रात्रीपर्यंत चुरचुरतात. म्हणून प्रोजेक्ट घेतला तो ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीडनाशक औषधांचे अंश ओळखायचाच.

सोन्याचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) टर्केविच या रसायनशास्त्रज्ञाच्या १९५१ च्या पद्धतीने केले. उकळत्या क्लोरोऑरिक अ‍ॅसिडमध्ये सायट्रेट पडलं की पिवळा रंग उडतो, काळपट छटा येते आणि बघता बघता डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. प्रकाश सगळ्यात जास्त शोषला जातो ते टोक, म्हणजे पीक, ५२० नॅनोमीटरला. नुसत्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सगळं बरोबर चालतं: एन्झाइम अ‍ॅसिटिलथायोकोलिन तोडतं, त्यातून निघालेलं थायोकोलिन सोन्याला चिकटतं, कणांचे पुंजके होऊन लालचं निळं. औषध असेल तर एन्झाइम अडतं, लाल टिकतं.

द्राक्षाचा रस घातला की मात्र मिनिटभरात निळं. एन्झाइम न घालताही! काय चुकतंय?

स्पेक्ट्रोवाला:
ताई, एन्झाइमशिवाय करून बघितलंस हे फार बरं केलंस. रसाचा पीएच साडेतीनच्या आसपास. सायट्रेटच्या ऋण भारामुळे कण एकमेकांपासून लांब राहतात, आम्लात तो भार कमी होतो. वर रसातलं पोटॅशियम. नुसता सोडा घालून उदासीन करू नकोस, मिठाचं प्रमाण वाढेल आणि त्यानेही कण गोळा होतात.

आणि तुझ्या पद्धतीत निळं म्हणजे ‘औषध नाही’. म्हणजे फवारलेला घडही स्वच्छ दिसेल. हे सुटल्याशिवाय कुणाला निकाल सांगू नकोस. अंश अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकात काढ, द्रावक उडव, पातळ फॉस्फेट बफरमध्ये घे. एन्झाइमचं काम आधी होऊ दे, सोनं शेवटी.

जुनी विद्यार्थिनी:
औषध क्लोरपायरिफॉस असेल तर अजून एक. त्याचं मूळ रूप एन्झाइमला फारसं अडवत नाही. शरीरात त्याचं ऑक्सॉन (गंधकाच्या जागी ऑक्सिजन आलेलं रूप) होतं, ते अडवतं. परीक्षानळीत ते ब्रोमिन वॉटरने करून घ्यावं लागतं, आणि उरलेलं ब्रोमिन पूर्ण घालवावं लागतं. वाफा ओढून घेणाऱ्या हुडमध्येच कर गं.

बागायतदाराची लेक:
काल परसातल्या बिनफवारणीच्या वेलीचा अर्क तसाच काढला. नुसत्या सोन्यात अर्धा तास लाल राहिला! पीक ५२१. आता त्यातच मोजून औषध घालून बघते, ब्रोमिनसकट.