अमेरिकी विद्यार्थी आणि त्यांचे राष्ट्राध्यक्ष : तुमचे अनुभव

शिकागोत शिकणाऱ्या भाचीला मी परवा विचारले, की तुमच्या वर्गात राष्ट्राध्यक्षांविषयी काय बोलले जाते. "मामा, कर्जाचं काय होणार, एवढंच," असे उत्तर आले. अमेरिकेत शिकलेल्या किंवा शिकवलेल्या मंडळींनी सोबतच्या विद्यार्थ्यांचे मत नेमके कशावरून बनले ते लिहावे. ऐकीव नको, पाहिलेले हवे.

*

मी १९७०च्या ऑगस्टमध्ये ओहायोत एम.एस.साठी पोहोचलो, तेव्हा त्याच राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात व्हिएतनाम युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याच्या, गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेल्याला जेमतेम तीन महिने झाले होते आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे नाव शिवीशिवाय कानावर पडत नसे. माझ्या खोलीतल्या मुलाने मात्र टेबलावरच्या भिंतीला एक चिठ्ठी टाचली होती, तिच्यावर फक्त ३१७ हा आकडा होता. सक्तीच्या लष्करभरतीसाठी १९६९च्या डिसेंबरात जन्मतारखांची सोडत निघाली, त्याच क्रमाने बोलावणे येणार होते; तीत १४ सप्टेंबर ही तारीख पहिली आली आणि याची ३१७वी, इतकी मागे, की व्हिएतनामला जाण्याची भीतीच उरली नाही. त्याचा निक्सनविरोध त्या चिठ्ठीनंतर बराच निवला होता, हे तो स्वतःच हसत कबूल करी. पुढच्या सोडतीत धाकट्या भावाला ४० च्या आतला आकडा लागला, आणि त्या घरात जेवणाच्या टेबलावर राष्ट्राध्यक्षांचा विषय काढायचा नाही असे आईने बजावून ठेवले.

१९७१च्या डिसेंबरात, भारत-पाक युद्ध चालू असताना, 'एंटरप्राइझ' ही अमेरिकी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, तेव्हा मी रागाने थरथरत त्याला वर्तमानपत्र दाखवले. त्याने शांतपणे विचारले, "हा उपसागर नक्की कुठे आला?" (मलाही व्हिएतनाममधले मेकाँगचे खोरे नकाशात शोधावे लागले होते, हे तेव्हा सोयीने विसरलो.) वर्षभराने १८ वर्षांच्या मुलांनी प्रथमच राष्ट्राध्यक्षपदासाठी मत दिले आणि निक्सन ५० पैकी ४९ राज्यांत जिंकले. आमच्या मजल्यावरच्या बऱ्याच मुलांनी त्यांनाच मत दिल्याचे नंतर हळूहळू बाहेर आले. भरती तोवर ओसरत चालली होती.

*

माझा अनुभव लहानसा आहे. ओबामा निवडून आले त्या रात्री, ४ नोव्हेंबर २००८ला, आमच्या वसतिगृहातील मुले थंडीत अनवाणी रस्त्यावर नाचत होती. २०१२ला तीच मुले पदवी हातात घेऊन नोकरी शोधत होती आणि मतदानाला जायची आठवण मला करून द्यावी लागली.

*

मी टेक्सासमधील एका कम्युनिटी कॉलेजात लेखांकन शिकवते. बायडन यांनी २०२२मध्ये शैक्षणिक कर्जातील १० हजार डॉलर, आणि गरजू विद्यार्थ्यांना मिळणारे पेल अनुदान घेतलेल्यांचे २० हजारांपर्यंत, माफ करण्याची योजना जाहीर केली, तेव्हा रात्रपाळी करून माझ्या तासाला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने वहीच्या शेवटच्या पानावर हप्त्यांचा हिशेब नव्याने मांडला होता. ३० जून २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने योजना रद्द केली. निर्णय न्यायालयाचा आहे, बायडन यांचा नव्हे, हे मी समजावले, ती म्हणाली, "मॅडम, ऑक्टोबरपासून हप्ता मला भरायचा आहे, न्यायालयाला नाही." ते पान तिने फाडले नाही, नुसती आडवी रेघ मारली.

*

६ जुलै २०२०ला ट्रम्प सरकारचा आदेश निघाला, की ज्यांचे सर्व वर्ग ऑनलाइन आहेत अशा परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा. मी नुकताच पुण्याचे परतीचे विमान आहे का ते पाहत होतो. माझा नेब्रास्काचा सोबती घरापासून कट्टर ट्रम्पसमर्थक. त्याने न सांगता आपल्या मतदारसंघातील प्रतिनिधीच्या कार्यालयात दोनदा फोन करून माझी बाजू मांडली. हार्वर्ड आणि एमआयटी ही विद्यापीठे न्यायालयात गेली आणि १४ जुलैला सरकारने आदेश मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये त्याने मत ट्रम्प यांनाच दिले, आणि डिसेंबरात मला विमानतळावर सोडायलाही तोच आला.