घर-जमिनीचे व्यवहार आणि वकिलाची मदत : तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात बहिणीने चिंचवडला रिसेलचा फ्लॅट बघितला. एजंट म्हणाला आजच टोकन द्या, दुसरी पार्टी उद्या येतेय, आणि हिने तिथे बसल्या बसल्या एक लाख ट्रान्सफर केले. हातात काय, तर वहीच्या पानावर ‘फ्लॅटपोटी रु. १ लाख मिळाले’ आणि खाली सही. नंतर कळलं की फ्लॅटवर कर्ज आहे, मूळ कागद बँकेत आहेत आणि हप्तेही थकलेत. व्यवहार मोडला, पण पैसे काही सुटेनात, वकिलाची नोटीस गेली तेव्हा कुठे सात आठवड्यांनी परत मिळाले. वकील म्हणाले टोकनच्या आधी आला असतात तर पावतीत एक ओळ घालून दिली असती, टायटल क्लिअर नसेल तर रक्कम परत.

तर तुम्ही वकिलाकडे नेमके कधी गेलात, त्यांनी काय शोधून काढलं, किंवा गेला नाहीत म्हणून काय झालं ते लिहा. माणसांची आणि ऑफिसांची नावं नकोत.

वारणाकाठ

आमची गावची जमीन विकायची होती. सातबारावर बाबा आणि काका दोघांचीच नावं, गिऱ्हाईक तयार, आम्हाला वाटलं एका महिन्यात खरेदीखत होईल. घेणाऱ्याने सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासून वकील देतात तो अहवाल) मागितला म्हणून तालुक्याच्या कोर्टातल्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सातबारा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, आणा. आजोबा वारले १९७४ ला, त्यानंतरच्या वारसाच्या फेरफारात लिहिलेलं, तिन्ही मुलींनी जबाब देऊन हक्क सोडला. बाईंनी पेन्सिलीने त्या ओळीखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, तलाठ्यापुढच्या नुसत्या जबाबाने जमिनीतला हक्क सुटत नाही, त्याला रजिस्टर हक्कसोडपत्र लागतं. हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती तर राहू द्या, १९५६ च्या मूळ कायद्यानेसुद्धा तुमच्या आजोबांच्या हिश्श्यात लेकींचा वाटा होताच. आत्या आज काही म्हणणार नाहीत, पण त्यांची मुलं उद्या दावा लावू शकतात, मग तुम्ही आणि घेणारा दोघेही कोर्टात.

घरी बरीच वादावादी झाली. काका म्हणाले बहिणी आपल्याच आहेत, कशाला उकरून काढायचं. पण मला तरी पटलं होतं की वाटा त्यांचा आहे तर त्यांना विचारलंच पाहिजे. दोन आत्या स्वतःहून सही द्यायला तयार झाल्या, धाकटीने मात्र स्पष्ट सांगितलं मला माझे पैसे हवेत, आणि बरोबरच होतं तिचं. वकीलबाईंनी हिशोब मांडून दिला, तिघी मिळूनच खरेदीखतात आल्या आणि वाटा तिघींनाही दिला.

दुय्यम निबंधकाकडे थोरल्या आत्याचा अंगठा मशीन घेईना. आयुष्यभर भांगलून, भांडी घासून बोटांच्या रेषाच पुसलेल्या. ऑपरेटर पोराने ओल्या फडक्याने पुसून पाच-सहा वेळा लावून बघितला, शेवटी दुसऱ्या हाताचं बोट लागलं. पैसे तिच्या खात्यात गेल्याचा मेसेज नातवाने वाचून दाखवला तर ती म्हणाली, आबांच्या जमिनीत माझं नाव होतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

डोंबिवली फास्ट लोकल

माझा अनुभव भाड्याचा. ११ महिन्यांचा करार असला की रजिस्ट्रेशन लागत नाही असं सगळे सांगतात, मीही स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मोकळा झालो. भाडेकरूने पाच महिन्यांनी भाडं थांबवलं आणि वर म्हणाला आपलं तर निम्म्या भाड्यात ठरलं होतं. वकिलाने १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ समोर ठेवलं. आपल्या राज्यात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा आपला नेहमीचा भाडेकरार, कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि रजिस्टरच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. रजिस्टर करार असता तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा सोडवता आली असती आणि वरच्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता आलं असतं. माझं शेवटी थकलेलं भाडं सोडून देण्यावर मिटलं. आता ऑनलाइन करतो, माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, शहरात रजिस्ट्रेशनचे हजार रुपये आणि वर थोडी स्टॅम्प ड्युटी, एवढंच. एवढ्यासाठी मी वर्षभराची झोप घालवली.

मोगरा_२२

भाडेकरू म्हणून लिहिते. आम्ही तिघी मुली, सोसायटीने मालकांकडून ‘बॅचलर चार्ज’ म्हणून दरमहा पाच हजार मागितले. मालकांच्या ओळखीच्या वकिलांनी एकच पत्र दिलं की नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः न राहता जागा भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते तो) सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. परत कुणी विषय काढला नाही.

डिचोलीचो पाहुणो

आम्ही सावंतवाडीचे, गोव्यात घर घेत होतो. फॉर्म एक-चौदावर, म्हणजे तिथल्या सातबारावर, दोन भावांची नावं, दोघेही सहीला तयार, मी म्हटलं झालं काम. तिथल्या वकिलांनी विचारलं, ह्यांच्या बायका कुठे आहेत? गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, वारसाने आलेली सुद्धा, त्यामुळे विकताना दोघांच्याही सह्या लागतात. धाकट्याची बायको माहेरी होती आणि नवऱ्याशी बोलत नव्हती. तिच्यासाठी आम्ही चार महिने थांबलो. आपल्याकडच्या सवयीने पैसे देऊन बसलो असतो तर अर्ध्या घराच्या अर्ध्या हक्काला मुकलो असतो.

ऱ्हाईनकाठचा पुणेकर

परदेशातून विकणाऱ्यांसाठी. भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र भारतीय कॉन्सुलेटमध्ये केलं आणि तेवढ्यावरच निर्धास्त राहिलो. वकिलांनी सांगितलं की भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरावी लागते. दुसरं म्हणजे घेणारा एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून घ्यायचा आयकर) कापणार होता, पण तो नियम विकणारा भारतात राहणारा असेल तर. अनिवासी असेल तर वेगळं कलम लागतं (तेव्हाच्या आयकर कायद्यात १९५), कपात कितीतरी मोठी. सीएकडून अर्ज करून कमी कपातीचा दाखला घेतला म्हणून बरीच रक्कम अडकायची वाचली.

सुई_दोरा

वरचं सगळं वाचून वाटेल वकील करायला पैसे लागतात, म्हणून लिहिते. मिस्टर गेल्यावर समजलं की फ्लॅटला नॉमिनी दीर आहेत, लग्नाआधी लावलेले ते तसेच राहिलेले. ते म्हणायला लागले नॉमिनी म्हणजे मालक, तू खाली कर. मी घरी ब्लाउज शिवते, फी कुठून देणार. शेजारच्या अंगणवाडीताईंनी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवलं. तिथे बाईमाणसाला उत्पन्नाची अट न बघता वकील मोफत देतात. त्या मॅडमनी दीरांना बोलावून घेतलं आणि सांगितलं नॉमिनी फक्त सांभाळणारा, हक्क वारसांचा, म्हणजे माझा, माझ्या मुलीचा आणि सासूबाईंचा. लोकअदालतीत तडजोड झाली, त्यावर अपील नसतं. सासूबाईंनी त्यांचा वाटा नातीला दिला.

धागा काढणाऱ्या ताई, फोनवर विचारायचं असेल तर १५१०० नंबर आहे.