मदत हवी आहे: मतदार यादी तपासायचीय, सँपल कसं काढू?
आम्ही काही जण मिळून आमच्या वॉर्डातल्या एका यादी भागाची (म्हणजे एका मतदान केंद्राची) मतदार यादी तपासायचं म्हणतोय. दोन्ही बाजूंनी करायचं ठरलंय, म्हणजे यादीतली नावं घेऊन घरोघरी जायचं, त्यात मयत, स्थलांतरित, दुबार नावं कळतात, आणि उलट घरातली १८ वरची माणसं यादीत शोधायची म्हणजे सुटलेली सापडतात (हे दुसरं काम फारसं कोणी करत नाही, सगळे नुसते बोगस बोगस ओरडतात). पण पीडीएफ स्कॅन केलेली आहे, सर्चच होत नाही, मराठीसाठी कोणतं ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर) बरं चालतं? सगळी घरं होणार नाहीत, मग सँपल घरं मोजून काढायचं की नावं? फॉर्म ६, ७, ८ (नाव घालणं, वगळणं, दुरुस्ती) माहितीयेत, पण बीएलओ (यादी भागाचे बूथ लेव्हल ऑफिसर) ते एकगठ्ठा घेतात का?