'सक्सेशन'ला मराठीत काय म्हणावं?

बॉस्टनकर
आमच्या मराठी शाळेतल्या मुलांना मॅसॅच्युसेट्समधल्या पीटरशॅम गावच्या हार्वर्ड फॉरेस्टला न्यायचंय. माहितीपत्रक लिहिताना 'सक्सेशन'पाशी, म्हणजे मोकळ्या जागी एकामागून एक झाडं येत जंगल होतं त्यापाशी, अडलोय. एकोणिसाव्या शतकात तिथली शेतं लोकांनी सोडली. मोकळ्या कुरणांवर आधी पांढरा पाइन उगवला. त्याच्या रोपांना ऊन लागतं, दाट सावलीत ती फारशी तगत नाहीत. खाली ओक, मेपल वाढत राहतात आणि पाइन तोडला की तेच वर येतात. परिभाषेत याला 'अनुक्रमण' आहे, पण मुलांना त्यातून हजेरीपटच आठवतो.

शुद्धमती
अनुक्रमणच ठेवा. अवघड वाटला म्हणून शब्द टाकत गेलो तर परिभाषा रुळणार कधी?

करवंद
आमच्या सिंधुदुर्गात जमीन कसायची थांबली की "रान माजलं" म्हणतात. आधी गवत, रानमोडी, मग करवंदीच्या जाळ्या, पुढे ऐन-किंजळ. आजीला हा क्रम तोंडपाठ होता.

शुद्धमती
'माजलं' ही शेतकऱ्याची तक्रार झाली. जंगलाने काय वाईट केलंय?

टिपूर
माझा आक्षेप 'क्रम'लाच आहे. जंगल ठरलेल्या पायऱ्यांनी अंतिम अवस्थेला पोचतं, असं क्लेमेंट्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1916 साली मांडलं. 1926 साली ग्लीसन या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने विरोध केला: प्रत्येक जात आपापल्या परीने येते. पीटरशॅमचंच बघा. 1938च्या चक्रीवादळाने मोठाले पाइन आडवे केले. चेस्टनटचे वृक्ष तर त्याआधीच बुरशीच्या रोगाने मेले होते. त्यांच्या मुळांतून आजही धुमारे फुटतात, पण मोठे व्हायच्या आत रोग गाठतो. यात कसला अनुक्रम? 'वनांतर' म्हणा.

शुद्धमती
'वनांतरी' म्हणजे रानात, रानाच्या आत. जुन्या कवितेतला शब्द आहे, त्यावर नवा अर्थ लादू नका.

मोहफूल
थोडं अवांतर. 'पानझडी' लिहिताना जपा. आमच्या चंद्रपूरकडचा साग कोरड्या दिवसांत पाणी राखायला पानं टाकतो. तिकडे बॉस्टनला दिवस लहान होतात, थंडी येते, म्हणून पानं गळतात. मुलांना उन्हाळा आठवेल.

बॉस्टनकर
इथल्या मुलांना ऑक्टोबरच आठवतो.

करवंद
पानझड कुठली? पानगळ!

मोहफूल
पानगळ ही घटना, पानझडी हे जंगलाचं विशेषण. दोन्ही हवेत.

करवंद
मग 'पानगळीचं जंगल' म्हणायला काय हरकत आहे?

बॉस्टनकर
सक्सेशनचं राहिलंच. सध्या "शेत सुटल्यावर रान कसं येतं" असा मथळा दिलाय आणि अनुक्रमण आत एकदा.

शुद्धमती
उलटं करा. अनुक्रमण मथळ्यात, रान आत.

टिपूर
माझा 'क्रम'ला विरोध कायम आहे.