मदत हवी आहे: लोकरीच्या बाहुलीची मान ढिली पडते (२२ करायच्यात!)

नमस्कार मंडळी,

लेकीचा पाचवा वाढदिवस तीन आठवड्यांवर आलाय. रिटर्न गिफ्टला पेन्सिल-खोडरबर नको, एकेक लोकरीची बाहुली देऊ, असं मीच घरात छाती फुगवून जाहीर केलं. पोरं २२. बायको नुसतं "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ आता कळतोय.

आतापर्यंत तीन झाल्या. कृती आईने फोनवर सांगितली: पुठ्ठ्याभोवती लोकर गुंडाळायची, वरच्या टोकाला वेढ्यांखालून दोरा ओवून बांधायचं, खालून कापायचं. मग थोडं खाली मान आवळायची, हातांसाठी वेगळी छोटी जुडी मधून घालायची आणि कंबर बांधायची. वेढे किती, विचारलं तर "मुठीत भरतील इतके". कोणाच्या मुठीत, ते सांगितलं नाही.

मुख्य घोळ मानेचा आहे. बांधताना घट्ट वाटते, दुसऱ्या दिवशी आत बोट जातं. पहिली बाहुली लेकीने दप्तराला अडकवून शाळेत नेली. तिसऱ्या दिवशी डोकं लांबुळकं आणि खांदे वर. लेक म्हणाली, "बाबा, हिला काहीही विचारलं की ही खांदे उडवते."

शिवाय एक हात ओढला की दुसरा पोटात जातो. आणि खालची टोकं कापल्यावर उंदराने कुरतडल्यासारखी दिसतात. लोकर साधी ॲक्रिलिक, मान त्याच लोकरीच्या धाग्याने बांधतो. पुठ्ठा म्हणजे घरातली एक जुनी लग्नपत्रिका, १६ सेंमी लांब. एकूण लोकर किती आणू, हेही सांगा.

सुईदोरा:
लग्नपत्रिका आधी फेका. गुंडाळता गुंडाळता ती वाकते, म्हणून शेवटचे वेढे पहिल्यांपेक्षा आखूड होतात. तुमचा उंदीर तोच. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या आणि लोकर न ताणता गुंडाळा. ताणून गुंडाळलेली लोकर पुस्तकावरून उतरली की आक्रसते.

मानेचं कारण साधं आहे. ॲक्रिलिक ताणलं जातं आणि गुळगुळीतही असतं. त्याच धाग्याने आवळलं की तो हळूहळू सैल पडतो, आतली लोकरही दबून बसते. मान गोधडीच्या सुती दोऱ्याने बांधा. गाठ मारताना पहिल्या फेऱ्यात दोरा एकदाऐवजी दोनदा आतून काढा, म्हणजे दुसरी गाठ बसेपर्यंत पहिली सुटत नाही. वरून लोकरीचे चार वेढे घाला, दोरा झाकला जातो. उरलेली टोकं मोठ्या नेढ्याच्या सुईने मानेतून खाली पोटात ओढा. तिथे कापू नका, लपवा.

टाका_चुकला:
+१. आणि डोक्यात काहीतरी भरा हो! उरलेल्या लोकरीचा बोराएवढा गुंडा करून वरच्या गाठीखाली धाग्यांच्या मध्ये बसवायचा, मग मान आवळायची. डोकं गोल राहतं आणि मानेच्या दोऱ्याला टेकायला काहीतरी मिळतं.

कोथिंबीरवडी:
दादा, हातांची तीन पेडी वेणी घाला. दोन्ही मनगटं बांधली की जुडी विस्कटत नाही. धडाचे धागे पुढे-मागे सारखे वाटून वेणी अगदी मानेला चिकटवून सरकवा, लगेच खाली कंबर बांधा. मग एक धागा छातीवरून फुलीसारखा घ्या: उजव्या खांद्यावरून डाव्या बगलेत, डाव्या खांद्यावरून उजव्या बगलेत, गाठ पाठीवर. हात हलणार नाहीत आणि ओढणी घेतल्यासारखं दिसतं ते वेगळंच.

टोकं सरळ करायला इस्त्री फिरवू नका. मी फिरवली होती. ॲक्रिलिक उष्णतेने लुळं पडतं, पुन्हा फुगत नाही. माझी बाहुली पावसात भिजलेल्या मांजरासारखी झाली.

दुपारचा_चहा:
लोकरीचा हिशेब. १६ सेंमीच्या पुठ्ठ्यावर एक वेढा ३२ सेंमी. ८० वेढे धरले तर साडेपंचवीस मीटर, हात आणि केस मिळून आणखी आठेक मीटर. २२ बाहुल्यांना साडेसातशे मीटरच्या आसपास. वेष्टनावर मीटर छापलेले असतात, वजनावर जाऊ नका.

पण एवढी मोठी कशाला? ८ सेंमीच्या पुठ्ठ्यावर ४० वेढे पुरतात. हातांना ६ सेंमीवर १२ वेढे, कापल्यावर २४ धागे, म्हणजे वेणीच्या पेडाला आठ. एका बाहुलीला साधारण आठ मीटर, सगळ्या मिळून दोनशेच्या आत.

बल्गेरियात १ मार्चला लाल-पांढऱ्या लोकरीची अशीच पिटुकली जोडी एकमेकांना देतात. पांढरा तो पिझो, लाल ती पेंडा. कपड्यावर टाचून ठेवतात आणि करकोचा किंवा बहरलेलं झाड दिसलं की काढून झाडाच्या फांदीला बांधतात. २०१७ साली युनेस्कोच्या यादीत ही प्रथा गेली. पेंडाचे खालचे धागे मोकळे सोडले की घागरा, पिझोचे दोन भाग करून घोट्याशी बांधले की पाय. तुम्हालाही मुलं-मुली दोन्ही करता येतील, आणि पायांची टोकं बांधलेली असल्यामुळे उंदीरही दिसणार नाही.

सुईदोरा:
डोळ्यांना मणी किंवा बटणं नकोत. पाहुण्यांबरोबर धाकटी भावंडंही येतात, तोंडात घालतात. काळ्या दोऱ्याचे दोन टाके पुरे.

धागाकर्ता:
मंडळी, नऊ झाल्या! पुस्तक, गोधडीचा दोरा, डोक्यात गुंडा, सगळं केलं. काल रात्री एकीला मानेला धरून दोन मिनिटं गरागरा फिरवली, मान जागची हलली नाही. आईला व्हिडिओ कॉलवर ४० वेढे मोजून दाखवले, तर म्हणते, "मग, मूठभरच की!"

केसांचं काम बायकोने आपणहून घेतलंय. चौथीचा एक हात आखूड झाला होता, उसवणार होतो, पण लेकीने ती स्वतःला ठेवून घेतली. म्हणजे अजून चौदा.

आता नवीन अडचण. लेकीला सगळ्यांचे केस जांभळे हवेत आणि जांभळी लोकर संपली. दुकानात त्याच नावाची मिळाली ती वांग्याच्या रंगाची निघाली. दोन्हींचा एकेक धागा एकत्र धरून केस केले तर बरं दिसेल का? कुणी केलंय?