पिंग चालू, पण बिलिंग बंद

सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर नागिओस (मशीन आणि सेवा चालू आहेत का यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) हिरवा, म्हणजे 'सगळं ठीक' दाखवतो, तरी बिलिंग उघडत नाही, असं का, हा प्रश्न आहे. पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून दिलेल्या 'चालू आहेस का' या हाकेला, उत्तर मशीन देतं, अ‍ॅप्लिकेशन नाही. म्हणून चेक-एचटीटीपी (वेबपान मागवून पाहणारा नागिओसचा चेक) लावा आणि बिलिंगच्या पानावरचा डेटाबेसमधून येणारा एखादा ठरावीक शब्द तपासा. नुसत्या २०० कोडवर ('पान ठीक मिळालं' असं सर्व्हरचं उत्तर) विसंबू नका. डेटाबेस तुटल्यावरचं एररचं पानही कधीकधी २०० देतं. चेक दर ५ मिनिटांनी, फसला की १ मिनिटाने पुन्हा, सलग तिसऱ्यांदा फसला तरच मेसेज. तासगाव शाखेचा राउटर तिथल्या मशीनचा 'पेरेंट' (ज्याच्यातून त्यांच्यापर्यंत पोचतो ते उपकरण) करा, म्हणजे लाइन गेल्यावर ती मशीन बंद न दिसता 'अनरीचेबल' (पोचता येत नाही) दिसतात. 'अनरीचेबल'चे मेसेज बंद ठेवा. आणि सांगलीची वीज गेली की नागिओसही गप्प होतो, म्हणून तासगावातून सांगलीवर नजर ठेवणारा एक उलटा चेक हवाच.